जुना सीएनसी लेथ : विजेचा बिघाड कोणत्या क्रमाने शोधायचा

पॅनेलचं दार उघडायचं, आतली सर्वांत महागडी दिसणारी पेटी हेरायची आणि "हीच गेली असणार" म्हणत तिच्या जागी दुसरी लावून बघायची. जुना सीएनसी लेथ (कॉम्प्युटरच्या हुकमावर जॉब फिरवून कापणारं मशीन) बंद पडला की बहुतेक ठिकाणी हेच होतं. दुसरी ड्राइव्ह (मोटरला वीज देणारी पेटी) लावूनही अलार्म जात नाही. मग कार्ड बदललं जातं, मग केबल, आणि दोन दिवसांनी कळतं की एका लिमिट स्विचमध्ये (अक्षाला टोकाला थांबवणाऱ्या स्विचमध्ये) कूलंट, म्हणजे कापताना मारायचं थंड पाणी, शिरलं होतं. तोवर मूळ बिघाडावर आपण स्वतःच केलेले दोन नवे बिघाड चढलेले असतात.

खालचा क्रम वीज ज्या वाटेने मशीनमध्ये फिरते त्याच वाटेने जातो. मधली पायरी गाळली तर वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण पुढे आलेल्या प्रत्येक रीडिंगवर शंका राहते. उदाहरणं बरीचशी फॅनुक कंपनीच्या जुन्या कंट्रोलची (मशीनला हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरची) आहेत, कारण माझा हात त्यांच्यावर बसलेला आहे. तुमचा कंट्रोल वेगळा असेल तर अलार्मचे आणि पानांचे आकडे बदलतील, वाट तीच राहील.

थ्री फेज चालू पॅनेलमध्ये काम करण्याचं प्रशिक्षण आणि परवानगी नसेल, तर पहिल्या दोन पायऱ्यांपुढे स्वतः जाऊ नका. त्या दोन पायऱ्या नीट केल्या तरी नंतर येणाऱ्या माणसाचा निम्मा त्रास वाचतो.

## आधी हाताशी काय हवं

कॅट-३, ६०० व्होल्ट दर्जाचा मल्टीमीटर, क्लॅम्प मीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), टॉर्च, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, तारांवर नंबर लावायला टेप, वही. शिवाय २४ व्होल्ट २१ वॉटचा, ट्रकला लागतो तसा बल्ब, त्याला दोन लांब तारा जोडून. हा बल्ब पाचव्या पायरीत महागड्या मीटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सर्किट डायग्राम हवाच. पण जुन्या मशीनचा डायग्राम म्हणजे मशीन नवं होतं तेव्हाचा फोटो समजा. मधल्या वर्षांत कुणी रिले (विजेने चालणारा लहान स्विच) बायपास केलेला असतो, कुणी दोन तारा नव्या ओढलेल्या असतात. काम करताना जिथे कागद आणि पॅनेल जुळत नाहीत तिथे लाल पेनाने खूण करत जा.

## १. मशीन बंद करण्याआधी लिहून घ्या

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. अलार्म आला की ऑपरेटर रीसेट मारतो, गेला नाही तर मेन स्विच खालीवर करतो. यात पुरावा पुसला जातो. वीज चालू आहे तोवर हे टिपून घ्या:

- स्क्रीनवरचे सगळे अलार्म, आले त्या क्रमाने. एकाच वेळी चार दिसत असले तर पहिला कोणता आला ते महत्त्वाचं; बाकीचे बहुधा त्याच्या मागे लागून आलेले असतात.
- ड्राइव्हवरचे लाल-हिरवे दिवे आणि आकडे. पॅनेलच्या दाराला खिडकी नसेल तर दार प्रशिक्षित माणसानेच उघडावं.
- त्या क्षणी मशीन काय करत होतं: स्पिंडल वेग घेत होतं की थांबत होतं, टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) फिरत होता, कूलंट चालू होतं, एक्स अक्ष (टूल जॉबच्या व्यासाच्या दिशेने सरकतं ती वाट) नेमका कुठे होता.
- सकाळी पहिल्यांदा चालू करताना झालं की तीन तास चालून तापल्यावर.

ऑपरेटरला "काय झालं?" असं विचारू नका, "बंद पडलं" एवढंच उत्तर मिळतं. "शेवटचा कुठला आवाज ऐकला?" असं विचारा. काँटॅक्टर (मोठ्या करंटचा, विजेने ओढला जाणारा स्विच) "खट्" करून सुटला की आधी स्पिंडलचा आवाज जड झाला, हे त्यालाच माहीत असतं.

## २. मेमरी वाचवा

जुन्या कंट्रोलमधले पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे), ऑफसेट (टूलची मापं) आणि प्रोग्राम बॅटरीवर जिवंत असलेल्या मेमरीत असतात. बॅटरी उतरली की विजेचा साधा बिघाड बाजूला राहतो आणि मशीनची ओळखच पुसली जाते. म्हणून कंट्रोल चालू होत असेल तर दुसऱ्या कशालाही हात लावण्याआधी पॅरामीटर बाहेर काढा. फॅनुकच्या झिरो मालिकेत नऊशेच्या घरातले पॅरामीटर मशीनबरोबर घेतलेल्या ऑप्शनचे असतात, आणि ते अंदाजाने भरून चालत नाहीत. ते पॅनेलच्या दारामागे कागदावर चिकटवलेले असतील तर त्या कागदाचा फोटो आजच काढा, शाई उडत चाललेली असते.

पॅरामीटर बाहेर काढायची आरएस-२३२ केबल लावताना कंट्रोल आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर केबल लावण्याच्या क्षणी पोर्ट जळतं.

बॅटरी बदलायची ती कंट्रोल चालू असताना. झिरो मालिकेच्या मेमरीला तीन मोठ्या अल्कलाइन सेलचा डबा असतो. ॲब्सोल्यूट एन्कोडर (वीज गेली तरी अक्षाची जागा लक्षात ठेवणारा सेन्सर) असेल तर त्याचा चार सेलचा, ६ व्होल्टचा डबा वेगळा असतो. हे दोन डबे एकच समजून बसणारे मी पाहिले आहेत. पहिला उतरला तर पॅरामीटर जातात, दुसरा उतरला तर अक्षांचं शून्य जातं.

सावधान : "वीज बंद करून सेल बदलणं जास्त सुरक्षित" हा विचार घरातल्या घड्याळाला ठीक आहे. एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी मेन बंद ठेवून, डबा पुसून, निवांतपणे नवे सेल घातले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर पॅरिटी अलार्म (मेमरी बिघडल्याचा) होता, आणि लेथला आपल्याला किती अक्ष आहेत हेही आठवत नव्हतं.

## ३. वीज तोडा, आणि तुटली आहे हे मोजून बघा

मेन आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद करा, कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. आयसोलेटरच्या वरच्या बाजूला वीज असतेच. पॅनेलमधला दिवा आणि सॉकेट यांची वीज कधीकधी आयसोलेटरच्या आधीच घेतलेली असते. आयईसी ६०२०४ या मशीनच्या विजेच्या मानकाप्रमाणे अशा तारा नारिंगी असायला हव्यात, पण जुन्या पॅनेलमध्ये रंगावर भरवसा ठेवू नका.

मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू ठिकाणी. मधल्या वेळात मीटरची तार तुटली असेल तर "शून्य" हे उत्तर जीव घेतं.

ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये डीसी साठलेली असते. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती सुमारे ५८५ व्होल्ट, २०० व्होल्टवाल्यात सुमारे २८० व्होल्ट. निदान दहा मिनिटं थांबा, चार्जचा लाल दिवा विझू द्या, आणि तरीही डीसी टर्मिनलवर मीटर लावा. दिवाच गेलेला असू शकतो.

स्लँट बेड (तिरक्या बैठकीच्या) लेथवर आणखी एक गोष्ट. एक्स अक्ष तिरका असतो आणि मोटरच्या ब्रेकवर टांगलेला असतो. तिथली मोटर किंवा ब्रेकची तार सोडण्याआधी स्लाइडखाली लाकडी ठोकळा द्या.

## ४. डोळे, नाक आणि स्क्रूड्रायव्हर

वीज बंद असतानाची ही पाहणी अर्ध्या तासाची, पण मला वाटतं निम्मे बिघाड इथेच उघडे पडतात.

करपलेला वास कुठून येतो ते बघा. तपकिरी पडलेला टर्मिनल, काळं पडलेलं फेरूल (तारेच्या टोकाची धातूची टोपी), फुगलेला कपॅसिटर, थांबलेला पंखा शोधा. पंखा हाताने फिरवा. सहज फिरायला हवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे तुंबलेला फिल्टर हासुद्धा विजेचाच बिघाड आहे.

प्रत्येक पॉवर टर्मिनलचा स्क्रू घट्ट करून बघा, आणि मग तार हाताने ओढून बघा. स्क्रू घट्ट असतो पण खाली इन्सुलेशन दाबलं गेलेलं असतं, असंही होतं.

मग पॅनेलच्या बाहेर या. लेथवरची खरी घाण बाहेर असते: टरेटकडे जाणारी केबल चेन, कव्हरखालच्या मोटरचे कनेक्टर, चकचा (जॉब पकडणाऱ्या जबड्याचा) प्रेशर स्विच, फूट पेडल. कनेक्टर उघडल्यावर आत हिरवा थर किंवा दुधाळ ओल दिसली तर ते कूलंट. केबलला वर कुठेतरी चीर असते आणि कूलंट तारांच्या मधून वातीसारखं झिरपत थेट कनेक्टरपर्यंत येतं. म्हणून नुसता कनेक्टर पुसला तर महिन्याभरात पुन्हा तेच.

हे करू नका : पॅनेलमध्ये हवेचा पाइप मारू नका. धूळ जात नाही; बारीक लोखंडी बर (कापताना उडणारा चुरा) कार्डांच्या पायांमध्ये जाऊन बसते. ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. काँटॅक्टरचे चांदीचे पॉइंट कानशीने घासू नका. काळे दिसले म्हणून ते खराब नसतात.

## ५. वीज कुठवर पोचते ते बघा

आता कुलूप काढा, वीज द्या, आणि वरून खाली मोजत या.

थ्री फेज आधी. तिन्ही जोड्या मोजा, फेज आणि अर्थ नाही. तिन्हींची सरासरी काढा. एखादी जोडी सरासरीपेक्षा दोन टक्क्यांहून जास्त दूर असेल तर पॅनेल सोडा आणि सप्लायच्या मागे लागा. मोजमाप स्पिंडल चालू असताना पुन्हा करा. जळत आलेला जोड बिनलोडावर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लोड आला की बसतो.

फ्यूज तपासताना फसगत होते. एक फ्यूज उडाला तरी ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरच्या वाइंडिंगमधून उलटी येणारी वीज त्याच्या खालच्या टोकाला दिसते, आणि मीटर म्हणतं सगळं ठीक. म्हणून लोड चालू असताना मीटर फ्यूजच्या दोन टोकांना लावा. शून्य आलं तर फ्यूज चांगला, व्होल्टेज दिसलं तर उडालेला.

सप्लायच्या केबलवर नुकतंच काम झालं असेल तर फेजचा क्रमही बघा. हायड्रॉलिक पंप उलटा फिरतो, प्रेशर होत नाही, चकचा प्रेशर स्विच "हो" म्हणत नाही आणि सायकल स्टार्ट घेत नाही. लोक मग सायकल स्टार्टचं बटण बदलतात.

पुढे कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. ११० व्होल्टची बाजू मोजताना मीटरची काळी तार मशीनच्या बॉडीला नको, ट्रान्सफॉर्मरच्या शून्याला लावा. शून्य अर्थला जोडलेलं नसेल तर बॉडीवरून घेतलेलं रीडिंग निरर्थक असतं. सुट्या तारेवर ४०-५० व्होल्ट दिसले तर दचकू नका, शेजारच्या तारांमधून ते तरंगत येतात. ११० व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावला की नाहीसे होतात.

मग २४ व्होल्ट डीसी. हे नुसतं २४ असून भागत नाही. सगळे सोलेनॉइड (व्हॉल्व्ह सरकवणाऱ्या विजेच्या कॉइल) ओढलेले असताना २३ च्या खाली जाऊ नये. नंतर मीटर एसी रेंजवर घेऊन त्याच टर्मिनलवर लावा. रेग्युलेटेड सप्लायवर जेमतेम काही मिलिव्होल्ट यावेत. ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरच्या जुन्या सप्लायवर एक व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त म्हणजे फिल्टर कपॅसिटर सुकले. (काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही दाखवतात. आधी एखाद्या सेलवर लावून शून्य येतं का बघा.)

२४ व्होल्टचा फ्यूज सारखा उडतो? फ्यूजमागे फ्यूज जाळू नका, जाड तार तर अजिबात लावू नका. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी तो २१ वॉटचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि करंट एक अँपियरच्या आतच राहील. आता एकेक शाखा सोडत जा: टरेट, चक, टेलस्टॉक, ल्युब्रिकेशन. जी सोडल्यावर बल्ब मंद होतो, शॉर्ट तिच्यात. मग त्या शाखेची केबल हाताने हलवत पुढे जा. बल्ब लुकलुकला तिथे थांबा.

## ६. इमर्जन्सीची साखळी

इमर्जन्सी बटण, दोन्ही अक्षांचे ओव्हरट्रॅव्हल लिमिट स्विच, दार, ओव्हरलोड रिले आणि शेवटी इमर्जन्सी रिलेची कॉइल, हे सगळं एका माळेत असतं. कुठेही एक मणी तुटला तरी स्क्रीनवर एकच उत्तर: नॉट रेडी. म्हणून ड्राइव्हवर संशय घेण्याआधी ही माळ पुरती मोजून काढायची.

पद्धत सोपी आहे. मीटरची काळी तार २४ व्होल्टच्या शून्याला पक्की लावा. लाल तार माळेच्या सुरुवातीच्या टर्मिनलला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. २४, २४, २४, आणि एका ठिकाणी शून्य. शेवटचं २४ आणि पहिलं शून्य यांच्यामध्ये बिघाड. चालू सर्किटवर मीटरचा बझर (तार जोडलेली आहे का ते वाजून सांगणारी रेंज) लावू नका. मीटर जाईल, आणि बझर खरं बोलतोच असंही नाही.

ते का, हे मला एका लेथने शिकवलं. दिवसभर मशीन बिनतक्रार चाले, पण एकदा इमर्जन्सी दाबली की परत रेडी व्हायला पाच-सहा प्रयत्न लागत. वीज बंद करून सगळे स्विच दाबून-सोडून बझरने तपासले गेले होते, सगळे वाजले होते. इमर्जन्सी कार्ड बदलूनही झालं होतं. मीटर लावल्यावर आकडे आले २४, २४, २४, आणि एक्स प्लसच्या लिमिट स्विचनंतर १७. मधले सात व्होल्ट स्विचच्या गंजलेल्या पॉइंटवर खर्च होत होते. २४ व्होल्टचा रिले १७ वर धरून राहतो, पण सुटलेला असला तर तेवढ्यात उचलत नाही. बझरच्या वेळी स्विच दाबला गेला, पॉइंट जरा घासले गेले आणि तेवढ्यापुरते सुधारले. स्विच उघडला तर आत चमचाभर कूलंट होतं आणि केबल ग्लँडला रबरच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम: माळेत कुठेही शून्य आलं नाही, तरी दोन टर्मिनलमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या वर दिसला तर तो स्विच उघडायचाच.

सावधान : बिघाड शोधण्यासाठी लिमिट स्विच किंवा दाराचा स्विच बायपास करून मशीन चालवू नका. "पाच मिनिटांसाठी" टाकलेला जंपर (स्विच टाळणारी तार) वर्षभर राहतो. जुन्या पॅनेलमध्ये असा आधीच कुणी टाकलेला जंपर सापडला तर तोही बिघाडच समजा.

## ७. कंट्रोलला काय दिसतं आणि तो काय सांगतो

माळ ठीक आहे, तरीही मशीन पुढे जात नाही. आता निदानाचं पान उघडा. इथे प्रत्येक सेन्सर एक बिट असतो, ० किंवा १. झिरो मालिकेत इमर्जन्सीचा बिट एक्स २१.४. नावाच्या आधी ताऱ्याची खूण (*) असलेल्या सिग्नलचा अर्थ उलटा असतो: १ म्हणजे सगळं ठीक, ० म्हणजे बिघाड किंवा तुटलेली तार. हे न समजल्यामुळे चांगल्या स्विचला खराब ठरवलं जातं.

सेन्सरसमोर लोखंडी पट्टी धरा आणि चार ठिकाणी बघा: सेन्सरचा दिवा, पॅनेलमधल्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, कार्डाचं इनपुट, स्क्रीनवरचा बिट. दिवा लागला पण टर्मिनलवर व्होल्टेज बदललं नाही तर केबल. टर्मिनलवर २४ आले पण बिट बदलला नाही तर कार्ड किंवा त्याचा कनेक्टर. टर्मिनलवर १२-१५ व्होल्टच येत असतील तर पुन्हा केबलकडे जा, बहुतेक २४ व्होल्टच्या इनपुटला १५ च्या पुढे हवेत.

प्रॉक्सिमिटी स्विच (स्पर्शाशिवाय लोखंड ओळखणारा सेन्सर) बदलताना पीएनपी आणि एनपीएन यांची अदलाबदल होते. दोन्ही दिसायला सारखे, दोन्हींचा दिवा लागतो. पण पीएनपी आउटपुटला प्लस २४ देतो आणि एनपीएन शून्याकडे ओढतो. नवा स्विच लावूनही टरेट क्लॅम्प झाल्याचं कंट्रोलला कळत नाही, तेव्हा आधी जुन्या स्विचवरची अक्षरं वाचा. ती पुसली गेली असतील तर दुसऱ्या, चालू असलेल्या स्विचचं आउटपुट मोजून प्रकार ओळखा.

उलट्या वाटेचंही तसंच. स्क्रीनवर आउटपुट बिट १ झाला, कार्डावर व्होल्टेज आलं, रिले ओढला, त्याच्या पॉइंटमधून वीज गेली, सोलेनॉइडवर पोचली. जिथे थांबते तिथे बिघाड. एसी सोलेनॉइडची कॉइल वारंवार जळत असेल तर कॉइलचा दोष समजू नका. व्हॉल्व्हचा स्पूल अडकला की एसी कॉइल पूर्ण ओढली जात नाही, जास्तीचा करंट घेत राहते आणि जळते. नवीही जळेल. डीसी रिले किंवा सोलेनॉइड बदलला तर त्याच्या कॉइलवरच्या डायोडची पट्टीची बाजू प्लसकडे लावा. उलटा लागला तर आउटपुट थेट शॉर्ट होतं.

एक बिघाड खास लेथचा आहे आणि तो कुठलाच अलार्म देत नाही. स्पिंडल फिरतं, प्रोग्राम चालू आहे, जी ०० ने (झपाट्याने सरकण्याचा हुकूम) टूल झपकन जवळ येतं, आणि जी ०१ च्या (कापत जाण्याचा हुकूम) ओळीवर मशीन नुसतं उभं राहतं. सगळे सर्वो ड्राइव्हकडे (अक्ष हलवणाऱ्या मोटरच्या ड्राइव्हकडे) धावतात. आधी एमडीआयमध्ये (एकेक ओळ हाताने टाकून चालवायच्या मोडमध्ये) तोच कट जी ९८ लावून, म्हणजे मिलिमीटर प्रति मिनिट फीडवर, हवेत घेऊन बघा. अक्ष चालला तर सर्वो निर्दोष. जी ९९ मध्ये, म्हणजे मिलिमीटर प्रति फेरी फीडवर, फीड स्पिंडलच्या फेऱ्यांवर ठरतो, आणि फेऱ्या मोजणारा एन्कोडर गप्प आहे. कव्हर काढा, त्याचा दातेरी पट्टा तुटलेला, दात गेलेला किंवा पुलीचा ग्रब स्क्रू सैल सापडतो. स्क्रीनवर स्पिंडलचा वेग शून्य दिसतो किंवा नाचतो, हीसुद्धा तीच खूण. पट्टा शाबूत असेल तर त्याची केबल आणि ५ व्होल्ट बघा. वेग बरोबर दिसत असेल तर मात्र "स्पिंडल वेगाला पोचलं" हा ड्राइव्हकडून येणारा सिग्नल तपासा, त्याची वाट बघतही फीड थांबतो.

## ८. ड्राइव्ह, मोटर, एन्कोडर

इथवर काही सापडलं नसेल तरच आता ड्राइव्हकडे.

झिरो मालिकेतला अलार्म ४०१ सांगतो की ड्राइव्हने "मी तयार" म्हटलं नाही. का म्हटलं नाही, ते सांगत नाही. दोन्ही अक्ष एकाच वेळी तयार नसतील तर दोन्ही ड्राइव्ह एकदम गेल्या असं मानू नका. सामायिक गोष्टी बघा: मेन काँटॅक्टर ओढतो का, त्याच्या तिन्ही पॉइंटमधून वीज पलीकडे जाते का, ट्रान्सफॉर्मरचा थर्मल स्विच. अलार्म ४१४ आला तर निदान पान ७२० वर एक्सचे, आणि ४२४ आला तर ७२१ वर झेडचे (लांबीच्या दिशेच्या अक्षाचे) बिट बघा. कमी व्होल्टेज, जास्त व्होल्टेज, जास्त करंट, फीडबॅक तुटला, यांतलं काय ते तिथे कळतं.

जास्त करंटचा अलार्म असेल तर वीज तोडून, थांबून, ड्राइव्हकडून मोटरच्या तीन तारा सोडा (एक्सखाली ठोकळा दिलेला असू द्या). वीज दिल्यावर तोच अलार्म लगेच आला तर ड्राइव्ह. नाही आला तर मोटर किंवा तिची केबल. मग मोटरच्या तीन तारांमधला रेझिस्टन्स मोजा. आकडा लहान असेल, पण तिन्ही जोड्यांत सारखा हवा.

मेगर आता बाहेर काढा, पण मोटरच्या तारा ड्राइव्हपासून सुटलेल्या आहेत याची दोनदा खात्री करून. मेगरचे ५०० व्होल्ट ड्राइव्हच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेले तर चांगली ड्राइव्ह तुम्हीच मारता. एन्कोडर आणि थर्मल स्विचच्या तारांना मेगर कधीच नाही. वाइंडिंग आणि बॉडीमध्ये १०० मेगओहमच्या वर असेल तर निर्धास्त. दहाच्या खाली म्हणजे मोटर ओली झाली आहे किंवा उतरणीला लागली आहे. एकच्या खाली असेल तर ती मोटर ड्राइव्हला जोडू नका. डीसी सर्वो असेल तर मेगरआधी ब्रश काढा आणि कार्बनची पूड साफ करा. बरेचदा तेवढ्यानेच आकडा वर येतो.

अदलाबदल करून बघायची असेल तर : एक्सची मोटर झेडच्या ड्राइव्हवर लावताना पॉवरची केबल आणि फीडबॅकची केबल दोन्ही एकत्र हलवा. फक्त एकच हलवली तर ड्राइव्ह ज्या मोटरला हलवते तिची खबर तिला मिळत नाही, आणि अक्ष पूर्ण वेगाने टोकाला जाऊन आदळतो. दोन्ही मोटरचे आकार आणि पॅरामीटर वेगळे असतील तर हा प्रयोग करूच नका.

स्पिंडल ड्राइव्ह केव्हा ट्रिप होते त्यावरून बरंच कळतं. थांबताना जास्त व्होल्टेजचा अलार्म आला आणि ड्राइव्हला ब्रेक रेझिस्टर असेल तर तो उघडा पडला का मोजा. वेग घेताना कमी व्होल्टेज आलं तर पाचव्या पायरीवर परत जा, सप्लायचा एखादा जोड लोडखाली बसतोय.

## ९. कधी येतो, कधी जातो

असा बिघाड पकडायला धीर लागतो, आणि वही. दहा वेळा घडू द्या, दर वेळी पहिल्या पायरीतली टिपणं भरा. टरेट एकाच जागेवर जाताना होतं का? एक्स त्याच ठिकाणी असताना होतं का? तसं असेल तर केबल चेनमध्ये वाकून वाकून तुटत आलेली तार. मीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवून त्या तारेला लावा आणि अक्ष टोकापासून टोकापर्यंत हळू चालवा.

तापल्यावरच होत असेल तर संशयित कार्डाजवळ हेअर ड्रायरने बेताची ऊब द्या, मग थंड स्प्रे मारा. एकाने अलार्म येतो आणि दुसऱ्याने जातो ते कार्ड. काँटॅक्टर सुटण्याच्या क्षणीच एन्कोडरचा अलार्म येत असेल तर त्या काँटॅक्टरच्या कॉइलवरचा सप्रेसर (सुटतानाचा झटका शोषणारा भाग) गेला आहे, किंवा एन्कोडर केबलची शील्ड अर्थपासून सुटली आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी बदलून मशीन चालू झालं तर काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि काढलेले दोन चांगले भाग भंगारात जातात.

## १०. परत चालू करताना

टाकलेले जंपर मोजून काढा. किती टाकले हे वहीत लिहिलेलं असेल तरच ते जमतं. कार्ड आणि कनेक्टर बसवताना वीज बंदच. पहिल्यांदा वीज देताना एक माणूस इमर्जन्सीवर हात ठेवून उभा राहू द्या, चकमध्ये जॉब नको, टरेटवर लांब बोरिंग बार नको.

इमर्जन्सी बटण दाबून बघा, काँटॅक्टर खरोखर सुटतो का. मग प्रत्येक लिमिट स्विच हाताने दाबून. मग हँडव्हीलने दोन्ही अक्ष थोडे थोडे हलवा आणि दिशा बरोबर आहे का पाहा. अक्ष रेफरन्सला (ठरलेल्या शून्याच्या जागी) न्या. मोटर किंवा एन्कोडर सुटला असेल तर शून्याची जागा सरकलेली असते, म्हणून जुना प्रोग्राम थेट लावू नका, आधी एका टूलने मोकळ्या जागेत माप जुळवा. स्पिंडल कमी वेगावर फिरवून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघा.

काय सापडलं, कोणत्या टर्मिनलवर किती व्होल्ट होते, कोणता भाग बदलला, हे तारखेसह लिहून कागद पॅनेलच्या दारामागे, डायग्रामच्या खिशात ठेवा. आणि आठवड्याने परत येऊन, आयसोलेटरला कुलूप लावून, नव्याने आवळलेले सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. तांब्याची बारीक पदरी तार दाबाखाली बसते, आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला स्क्रू तेव्हा अर्धा फेरा फिरतो.